आईची बस अन् दादाचा फ्लेक्स

वर्धा नदीच्या पट्ट्यातल्या एका गावच्या लेकीचं पत्र आलं आहे. नाव-गाव देत नाही, ओळख पटेल असे दोन-चार तपशीलही इकडचे तिकडे केले आहेत. तर पत्र थोडक्यात असं: आई मागच्या वर्षी हार्टअटॅकनं गेली, येत्या महिन्यात वर्षश्राद्ध. आई म्हणजे घरातली कर्ती बाई, सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं, दोन दिरांची लग्नं, तीन लेकरं, मग नातवंडं, सगळं तिच्या हातून गेलं. बाबांची काळी-पिवळी होती, शुगरनं त्यांच्या पायाचा पंजा काढावा लागला तेव्हा, २०१० मध्ये, आईनं लायसन काढलं आणि आजूबाजूच्या तीन खेड्यांतली लेकरं तालुक्याच्या शाळेत न्यायला-आणायला लागली. आधी जुनी व्हॅन, नंतर कर्ज काढून पिवळी मिनी बस, जाईपर्यंत तेच काम. आता मोठ्या भावानं वर्षश्राद्धाचा फ्लेक्स आणि पत्रिका बनवायला टाकली, त्यावर "प्रेमळ माता, आदर्श गृहिणी" आहे, बसचं नाव नाही. फोटोतला साडीवरचा खाकी शर्ट काढून फोटोवाल्यानं पैठणी लावून दिली. भाऊ म्हणतो, "माय ड्रायव्हर होती हे चारचौघांत काऊन सांगाचं, बाबांची इज्जत जाते." बस तो भंगारात काढून राहिला. ताईंना कार्यक्रमात दोन शब्द बोलायचे आहेत आणि त्यांचा प्रश्न असा की मी भावाशी भांडू का, बस ठेवायला लावू का, आणि जिच्या कष्टाची कोणालाच किंमत नव्हती त्या आईबद्दल बोलू तरी काय.

ताई,

भांडायचं की नाही ते नंतर पाहू. आधी तुमचंच पत्र तुम्हाला थोडं परत वाचून दाखवते, कारण त्यात बऱ्याच गोष्टी तुम्ही लिहून पुढे निघून गेल्या.

तुम्ही लिहिलं की बाबांचा पाय गेला म्हणून आईला गाडी हाती घ्यावी लागली. बरोबर आहे, दवाखान्याचं कर्ज, दारात उभी गाडी, तीन लेकरं शिकून राहिलेली, कोणालाही घ्यावी लागली असती. पण पुढच्या पानावर तुम्हीच लिहिता की २०१८ ला दादा बुटीबोरीला कंपनीत परमनंट झाला, घरी येऊन म्हणाला माय आता पुरे कर, बस विकून टाकू, तर ती म्हणे "मी घरी राहून काय करू, तूच राह्य." आणि त्यानंतर जाईपर्यंत ती बस चालवत होती. आता मला सांगा, ती वर्षं कोणत्या मजबुरीत मोजायची? रविवारी सगळे झोपलेले असताना ती बस धुवायची, दुसऱ्या कोणी फडका लावलेला चालत नव्हता. गावातल्या पोराकडून पेनड्राईव्हमध्ये गाणी भरून आणायची. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस बरे जायचे आणि मग चिडचिड सुरू. कोरोनात शाळा बंद झाल्या, बस अंगणात उभी आणि हप्ता चालू, रिझर्व्ह बँकेची सवलत मिळाली सहा महिन्यांची पण व्याज काही थांबलं नाही, त्या हंगामात ती लोकांच्या वावरात कापूस वेचायला गेली पण बस विकू दिली नाही. हे सगळं तुम्ही "बिचारीनं किती सोसलं" याच्या खाली लिहिलं आहे. मला मात्र वाचताना एक अशी बाई दिसली जिला आपलं काम भारी आवडत होतं.

म्हणून जरा कडू बोलते, रागावू नका. दादानं फोटोतून खाकी शर्ट काढला. तुम्ही शर्ट ठेवताय, पण तो घालणारीच्या चेहऱ्यावरचं हसू काढून घेताय. त्याला घरात बसलेली आई पाहिजे, तुम्हाला घरासाठी झिजलेली आई पाहिजे, आणि स्टिअरिंगवर बसून मजेत गाणं लावणारी ती बाई दोघांच्याही फ्लेक्सवर बसत नाही. आपल्याकडे बाईनं घराबाहेर काही केलं की ते नाइलाजानंच केलं असं सांगायची सवयच पडली आहे लोकांना, नाइलाज असला की माफ असतं सगळं. आवडीनं केलं म्हटलं की भुवया वर जातात.

आणखी एक. तुमचं लग्न २०१३ ला झालं, मिनी बस त्यानंतर आली. म्हणजे बस घेतली तेव्हा तुम्ही सासरी होत्या, आईची बस तुम्ही फोनवरच ऐकली, सुट्टीत आल्या तेव्हा पाहिली. तुमचा हक्क कमी होतो असं मी म्हणत नाही. पण त्या बसमध्ये रोज कोण बसत होतं ते पहा. तुम्ही फक्त एका ओळीत लिहिलं, "वहिनी कशातच बोलत नाही." आणि दुसऱ्याच एका जागी ओघात लिहिलं की वहिनी बसवर मदतनीस म्हणून जात होत्या. अहो ताई! २०११ ला राज्यात स्कूल बसचे वेगळे नियम आले, त्यात बसमध्ये मदतनीस लागतो आणि मुली असल्या तर बाई लागते, म्हणून बऱ्याच ठिकाणी घरातलीच कोणी जाते. म्हणजे तुमच्या वहिनीनं सासूच्या बाजूला बसून वर्षानुवर्षं सकाळ-संध्याकाळ काढली आहे. कोणत्या लेकराला उलटी होते म्हणून खिडकीपाशी बसवायचं, कोणाचा बाप पिऊन येतो म्हणून लेकरू आजीच्याच हाती द्यायचं, हे सगळं त्यांना माहीत आहे. कार्यक्रमात काय बोलू हे तुम्ही मला विचारता, आणि घरात ती बाई गप्प बसली आहे कारण तिला कोणी विचारलंच नाही.

दुसरे न विचारलेले, बाबा. दादा म्हणतो बाबांची इज्जत जाते. बाबांनी असं कधी म्हटल्याचं तुमच्या पत्रात कुठेच नाही. उलट तुम्हीच लिहिलं की आईला गाडी त्यांनीच शिकवली, पाय जायच्या आधी, हौस म्हणून, गावाबाहेरच्या पडीत जागेत, आणि लोक हसले तर म्हणे "हसू द्या, उद्या याहीच्याच गाडीत बसान." आणि कंसात लिहिलं आहे की आई गेल्यापासून ते संध्याकाळी बसच्या पुढच्या सीटवर जाऊन बसतात. ताई, हे कंसात लिहायचं वाक्य आहे का? ज्या माणसाची इज्जत वाचवायला फ्लेक्स बदलून राहिले त्या माणसाला फ्लेक्स दाखवला का कोणी?

दादाबद्दलही घाई नका करू. २०१० ला तो एकोणीस-वीसचा असेल. बाप घरी बसला आणि माय गाडी चालवते तेव्हा गावातल्या चावडीवर, पानठेल्यावर त्या पोराला काय काय ऐकावं लागलं असेल याचा अंदाज करा, "पोट्टा धडधाकट असून माय गाडी हाकलते" हे वाक्य आपल्या खेड्यात कोणी बोलल्याशिवाय राहत नाही. त्याला आईची लाज वाटते असं तुम्ही धरून चालल्या. मला वाटते त्याला स्वतःचीच लाज वाटत असेल, आणि इज्जत तो बाबांच्या नावानं स्वतःची वाचवत असेल. माझा अंदाज चुकूही शकतो, मी त्याला ओळखत नाही. पण "तुला आईची लाज वाटते" असं म्हणून बोलायला गेल्या तर दोन मिनिटांत आवाज चढतील. त्यापेक्षा विचारा, "दादा, आईनं बस घेतली तेव्हा तुला लोक काय म्हणत होते रे?" आणि मग मध्ये न बोलता ऐका. शक्यतो तो एकटा असताना, गाडीवर मागे बसून कुठे जाताना बरं पडते, समोरासमोर पाहावं लागत नाही.

त्याला इज्जतीचाच प्रश्न असेल तर हेही सांगा. एसटीच्या बसचं स्टिअरिंग बायांच्या हाती २०२३ मध्ये आलं, पेपरात फोटो आले, सत्कार झाले. तुमची आई त्याच्या आधी तेरा वर्षं ते काम करत होती, तेही सरकारी पगाराशिवाय, डिझेल, टायर, विमा, फिटनेस सगळं स्वतःच्या हिमतीवर सांभाळून.

आणि ड्रायव्हर म्हणजे नुसतं गाडी हाकलणं हे जे लोकांच्या डोक्यात आहे ना, ते आपल्या भागातली स्कूल बस ज्यांनी पाहिली नाही त्यांच्या डोक्यात. आपल्या विदर्भात शाळाच उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडते, म्हणजे शाळा उघडली की लगेच पाऊस आणि नाले. तुम्ही तो रपट्याचा, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलाचा, किस्सा लिहिला, पाणी रपट्यावरून वाहून राहिलं होतं, मागून गाडीवाले हॉर्न मारून राहिले, एकजण तर म्हणे "काढा न माय, गुडघ्याएवढंच हाये", आणि तिनं बस बंद करून चावी कमरेला खोसली, लेकरांना डब्यातलं उरलेलं खायला लावलं आणि पाणी उतरेपर्यंत अंताक्षरी खेळत बसली. दरवर्षी रपट्यावरून वाहून गेलेल्या गाड्यांच्या बातम्या आपण वाचतो. कधी गाडी काढायची नाही हे ज्याला कळते तो ड्रायव्हर. मग कापसाचे दिवस, आईबाप वेचणीला वावरात, चारला लेकरू परत आलं तर घराला कुलूप. अशा वेळी ती लेकरांना आपल्या ओसरीवर बसवायची, चिवडा नाहीतर पोळीचा लाडू द्यायची, आणि अंधार पडता पडता आईबाप येऊन घेऊन जायचे. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लेकरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, बसमधल्या सगळ्यांना बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, द्यायची. यातलं कोणतं "माता" म्हणून केलं आणि कोणतं "ड्रायव्हर" म्हणून, ते तुम्ही वेगळं काढून दाखवा बरं. माझ्यानं तर निघत नाही, म्हणून पत्रिकेवर एक ठेवायचं की दुसरं हा वादच मला पटत नाही.

आता कामाचं.

पत्रिकेतला दादाचा मजकूर खोडू नका. "प्रेमळ माता" राहू द्या, ती होतीच. त्याखाली एक ओळ वाढवा, मोठं काही नको, असं काही: "२०१० पासून पंचक्रोशीतल्या लेकरांना शाळेत नेणारी-आणणारी बसवाली माय." लेकरं तिला याच नावानं हाक मारायची असं तुम्हीच लिहिलं, तर ड्रायव्हर शब्दावरून वाद घालायचं कारणच उरत नाही, गावानं ठेवलेलं नाव आहे. फोटोचं बाबांवर सोडा. दोन्ही फोटो समोर ठेवा आणि विचारा कोणता लावू. त्यांनी पैठणीवाला निवडला तर तो लावा, मनात धुसफूस ठेवू नका, नवऱ्याला बायको पैठणीत पाहावीशी वाटली तर त्यात वावगं काय आहे. खाकीवाला मग आत पत्रिकेवर येऊ शकते.

बोलायचं म्हणाल तर तीन मिनिटांच्या वर नका जाऊ. सामुदायिक प्रार्थना होईल, महाराजांचं कीर्तन होईल, दोन पुढारी बोलतील, तोवर तिकडे आलू-वांग्याची भाजी आणि पंगत तयार असते, लोकांचं अर्धं ध्यान तिकडेच. एकच किस्सा सांगा, रपट्याचा सांगा. त्याग, कष्ट, माउली, देवमाणूस हे शब्द बाजूला ठेवा, रपट्यावर बंद केलेली बस आणि कमरेला खोसलेली चावी सांगितली की लोकांना सगळं समजते. ती गाणी लावायची आणि हसायची, हे आवर्जून सांगा. माइकवरून भावाला टोमणा चुकूनही नको. तो तुम्हाला त्या क्षणी गोड लागेल आणि पुढची दहा वर्षं दिवाळीला माहेरी जाताना कडू लागेल.

पुढाऱ्यांच्या जागी, किंवा निदान त्यांच्या आधी, बसमधून गेलेल्या एकाला बोलवा. २०२१ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप लांबला तेव्हा पासवर जाणाऱ्या मोठ्या पोरींना तिनं जमेल तसं नेलं म्हणता, त्या पोरी आता वीस-बावीसच्या असतील, कोणी नर्सिंगला असेल, कोणी पोलीस भरतीची तयारी करत असेल. बोलायला लाजत असतील तर व्हॉट्सअ‍ॅपवर दोन मिनिटांचं बोलून पाठवायला सांगा. "काकूंबद्दल दोन शब्द बोल" असं नका म्हणू, त्यानं सगळे एकच भाषण पाठवतात. विचारा की तुझी बसमधली जागा कोणती होती, ती कशावरून रागवायची, कोणतं गाणं लागायचं. आलेलं सगळं एका ठिकाणी साठवून ठेवा, नातवंडांना मोठं झाल्यावर ऐकायला होईल.

तिची फीची वही मात्र कार्यक्रमात ठेवू नका. तुम्ही लिहिलं की वहीवर तिचं अक्षर आहे म्हणून टेबलावर फोटोजवळ ठेवायची. भावना समजते, पण त्या वहीत कोणाचे किती बाकी आहेत तेही आहे. आपल्याकडे फी महिन्याला कुठे येते, कापूस-सोयाबीन विकल्यावर येते, कधी येतच नाही. जेवायला आलेल्या माणसानं आपलं नाव त्यात वाचलं तर त्याचा घास अडकेल. आणि ती बाकी मागायची की सोडायची ते घरात बसून ठरवा, मला विचाराल तर सोडा, पण तो निर्णय बाबांचा आणि वहिनीचा, कारण वहिनीच्या कामाचे पैसेही त्यातच होते.

राहिली बस. इथं भावनेच्या आधी कागद बघा, आणि हे इतर वाचणाऱ्यांनीही लक्षात ठेवा. गाडी ज्याच्या नावावर तो वारला तर वारसानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असते आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून नावावर करून घ्यायची असते, परमिटचंही तसंच, तीस दिवसांत कळवणं आणि तीन महिने. तुमचं वर्ष होत आलं. तेव्हा आधी आरटीओत जाऊन उशिराचं काय करायचं ते विचारा, मृत्यूचा दाखला, आरसी, विम्याचे कागद घेऊन जा, कर्ज फिटलं असेल तर बँकेचा बोजा आरसीवरून उतरला का तेही पहा. आईच्या नावावरच्या मालमत्तेत बाबा आणि तुम्ही तिन्ही भावंडं सारखे वारस आहात, लग्न झालेली लेकसुद्धा, म्हणजे दादा एकटा विकू शकत नाही आणि तुम्ही एकट्या काही ठरवूही शकत नाही, चौघांच्या सह्या लागतील. भंगारवाल्याला तशीच उचलून दिली आणि त्यानं ती कोणाला चालवायला दिली, उद्या काही झालं तर कागदावर नाव तुमच्या आईचं निघेल. चौदा वर्षं एका लेकराला खरचटू न देणाऱ्या बाईच्या नावावर पोलिसांची नोटीस नको यायला.

ठेवायची का? नुसती आठवण म्हणून ठेवायची असेल तर माझं मत नाही असं आहे. आपल्या उन्हात दोन उन्हाळे उभी राहिली की टायर जातात, सीट फाटतात, उंदीर वायरिंग खातात, आणि मग तिच्याकडे पाहून जास्त वाईट वाटते. चालती असेल तर शाळेची लेकरं नेणाऱ्या कोणाला तरी द्या, भंगारापेक्षा चार पैसे जास्तही येतील. समोरची "स्कूल बस"ची पाटी नाहीतर स्टिअरिंगचं ते लोकरीचं कव्हर काढून ठेवा. पण बाबांना त्या सीटवरून उठवायची घाई करू नका, त्यांना आधी विचारा, ते म्हणाले दिवाळीपर्यंत राहू दे तर राहू द्या.

एक शक्यता तुमच्या पत्रात कोणीच बोललेलं नाही, वहिनी. त्यांना गाडी येते का, चालवायची आहे का? इतकी वर्षं बाजूला बसून रस्ता तर पाठ झाला असेल. विचारून पहा, पण विचारताना सासूबाईंची आठवण पुढे चालव वगैरे नका म्हणू. त्यांना शिलाई मशीन टाकायची असेल, काहीच करायचं नसेल, तेही ठीक. हो म्हणाल्या तर लायसन, बॅज, परमिटची ट्रान्सफर सगळं रीतसर करूनच रस्त्यावर, आणि आरसी तेव्हा वहिनीच्या नावावर करा, दादाच्या नाही. दादाला हे आवडणार नाही कदाचित, पण ज्यानं चालवायची त्याच्या नावावर गाडी असावी.

ज्यांच्या घरी अशी बाई अजून आहे, मग ती बस चालवत असो, अंगणवाडीत असो, आशा असो की दुसऱ्याच्या वावरात निंदायला जात असो, त्यांनी कामावरचा एक फोटो आजच काढून ठेवा, लग्नातले फोटो तसेही निघतात. आणि तिला तिच्या कामाबद्दल विचारा, थकली का एवढंच नका विचारू, आज काय गंमत झाली तेही विचारा.

आम्ही तिला कधी थँक्यू म्हटलं नाही असं तुम्ही शेवटी लिहिलं. आपल्या घरांत कोण कोणाला म्हणते ताई. याच्यावर माझ्याकडे काही उपाय नाही, वाईट वाटणार, वाटू द्या. पण वहिनीला अजून म्हणता येते, आणि तुम्ही कार्यक्रमाच्या दोन-चार दिवस आधी माहेरी गेल्या तर निवांत बोलताही येईल, ऐन दिवशी ती चुलीपाशीच असेल.

फ्लेक्सवाल्याला मात्र आजच फोन करून थांबवा. एकदा छापला की तो बदलून देत नाही, दुसऱ्या फ्लेक्सचे वेगळे पैसे घेते.